महापौरपदाची अडीच वर्षे: एका स्त्रीरोगतज्ज्ञाची नोंद

नोव्हेंबर २०१९ मध्ये महापौरपदाची सूत्रे नव्या महापौरांकडे देऊन मी घरी आले, त्याला आता, जानेवारी २०२० मध्ये, दोन महिने झाले आहेत. या दोन महिन्यांत तीन डॉक्टर मैत्रिणींनी आणि एका शिक्षिकेने निवडणुकीला उभे राहण्याबद्दल मला जवळजवळ त्याच शब्दांत विचारले, ‘हे नेमके करायचे कसे असते?’ मला स्वतःला २०१६ मध्ये हाच प्रश्न पडला होता आणि तेव्हा उत्तर देणारे कोणी भेटले नव्हते. भेटले ते सगळे सल्ला देणारे होते. कोणता कागद कोणत्या टेबलावर मिळतो हे सांगणारा एकही नव्हता. म्हणून जसे घडले तसे क्रमाने लिहीत आहे. शहराचे, पक्षाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम टाळले आहे, कारण यातील बरीच माणसे आजही त्याच सभागृहात माझ्या शेजारी बसतात. आमची निवडणूक चार सदस्यांच्या प्रभाग पद्धतीने झाली होती. डिसेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारने पुन्हा एकसदस्यीय प्रभागांकडे जायचे ठरवले होते, त्यामुळे पुढे उभ्या राहणाऱ्यांनी प्रभागाविषयीचा माझा तपशील ताडून पाहावा. कागदांची यादी मात्र फारशी बदलेल असे वाटत नाही.

माझे आणि माझ्या पतींचे मिळून बारा खाटांचे रुग्णालय आहे. ते भूलतज्ज्ञ आहेत, मी प्रसूती आणि स्त्रीरोग पाहते. याखेरीज आठवड्यातून दोन दिवस मी महापालिकेच्या प्रसूतिगृहात मानधनावर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रभागांच्या आरक्षणाची सोडत झाली आणि आमच्या प्रभागातील एक जागा सर्वसाधारण महिलेसाठी राखीव झाली. महाराष्ट्रात २०११ पासून महापालिकांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे दर निवडणुकीआधी सगळ्याच पक्षांना उमेदवार महिला शोधाव्या लागतात. तशीच शोधाशोध करत ते माझ्याकडे आले. मी राजकारणात यावे ही माझ्या मनातली जुनी इच्छा वगैरे नव्हती. प्रसूतिगृहातील जनरेटर सात महिने बंद होता, त्याबद्दल मी तीन पत्रे लिहिली होती आणि तिन्ही पत्रांचे काय झाले ते मला कळत नव्हते. होकार देताना डोक्यात एवढेच होते. सासूबाई मात्र लगेच म्हणाल्या, ‘दवाखान्यात लोक तुला हात जोडतात, आता तुला दारोदार जोडावे लागतील, ते जमेल का बघ.’

पहिली अडचण अनपेक्षित ठिकाणी निघाली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम १० प्रमाणे ज्याचा महापालिकेच्या कंत्राटात किंवा नोकरीत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, तो सदस्य होण्यास अपात्र ठरतो. माझे मानधन किरकोळ होते, पण ते महापालिकेच्या तिजोरीतून येत होते. २० डिसेंबर रोजी मी राजीनामा दिला आणि काम संपले असे समजून निघून आले. ओळखीच्या एका वकिलांनी मला थांबवले. राजीनामा देणे पुरेसे नाही, तो मंजूर झाल्याचे पत्र हातात हवे, असे त्यांनी सांगितले. त्या पत्रासाठी मी चार वेळा गेले. आरोग्य विभागातून फाईल आस्थापना विभागात, तिथून लेखा विभागात (माझ्याकडे काही येणे बाकी आहे का हे पाहायला) आणि तिथून आयुक्तांच्या सहीसाठी, असा तिचा प्रवास होता. तिसऱ्या फेरीत एका लिपिकाने मला हळूच विचारले, ‘मॅडम, आवक क्रमांक घेतला होता का?’ दिलेला कागद कार्यालयाच्या वहीत नोंदवला गेल्याचा तो क्रमांक; मी घेतला नव्हता. माझ्या तिन्ही जुन्या पत्रांचे काय झाले असावे, हे मला त्या क्षणी समजले. तेव्हापासून आजपर्यंत मी कोणत्याही कार्यालयात दिलेल्या कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडलेली नाही. या संपूर्ण लेखातून एकच गोष्ट कोणी घ्यायची असेल तर ती हीच घ्यावी.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली. २७ जानेवारी ते ३ फेब्रुवारी अर्ज भरायचे, ४ ला छाननी, ७ पर्यंत माघार, ८ ला चिन्हवाटप, २१ फेब्रुवारीला मतदान आणि २३ ला मतमोजणी, असा कार्यक्रम होता. अर्ज संगणकावर भरून त्याची छापील प्रत सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे द्यायची होती. सोबत मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि गुन्ह्यांबाबतचे शपथपत्र, महापालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला, घरी शौचालय असून त्याचा वापर करत असल्याचा दाखला, दोनपेक्षा अधिक अपत्ये नसल्याचे घोषणापत्र, मतदारयादीतील नावाचा उतारा, अनामतीची पावती, सूचक आणि अनुमोदकाच्या सह्या, आणि पक्षाकडून येणारे ते सुप्रसिद्ध ए आणि बी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीची पत्रे. राखीव प्रवर्गातून उभ्या राहणाऱ्यांना यात जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्राचीही भर असते, आणि त्याची तयारी निवडणूक जाहीर झाल्यावर सुरू करून भागत नाही.

थकबाकी नसल्याच्या दाखल्याने माझे दोन दिवस खाल्ले. घराची घरपट्टी भरलेली होती, रुग्णालयाची भरलेली होती, पण सासऱ्यांच्या नावावरच्या एका जुन्या गाळ्याची पाणीपट्टी राहिली होती आणि वारस म्हणून माझ्या पतींचे नाव तिथे लागलेले होते. रक्कम होती १,१४० रुपये. आणखी एक घोळ नावाचा होता. माझी पदवी आणि वैद्यक परिषदेची नोंदणी माहेरच्या नावाने आहे, मतदारयादीत सासरचे नाव आहे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र करून घेतले आणि अर्जावर मतदारयादीतील नावच लिहिले. विवाहित डॉक्टरांनी ही गोष्ट अर्जाच्या आदल्या रात्रीवर ठेवू नये.

राजीनामा मंजुरीचे पत्र २ फेब्रुवारीला दुपारी हाती आले. त्याच संध्याकाळी पक्षाचा बी फॉर्म आला, तोही दुसऱ्या एका इच्छुक महिलेचे नाव रद्द करून. ती पक्षात चौदा वर्षे काम करत होती. तिच्या घरी मी गेले, तेव्हा तिने मला पाणी दिले आणि फारसे बोलली नाही. पुढे तिने माझा प्रचारही केला, पण त्या संध्याकाळची अपराधी जाणीव अजून गेलेली नाही, आणि ती जावी असे मला वाटतही नाही.

४ फेब्रुवारीला छाननीत माझ्यावर हरकत आली, अपेक्षेप्रमाणे मानधनाचीच. प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या वकिलांनी डिसेंबरच्या मानधनाची नोंद दाखवली. मी मंजुरीचे पत्र पुढे केले. अधिकाऱ्यांनी ते वाचले, जावक क्रमांक नोंदवून घेतला, पाच-सात मिनिटे लिहीत बसले आणि हरकत फेटाळली. त्या पाच मिनिटांत माझ्या तळहाताला जो घाम आला, तसा पहिल्या सिझेरियनच्या वेळीही आला नव्हता.

प्रचाराबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर सगळेच बोलतात. नोटाबंदी होऊन तीनच महिने झाले होते आणि बचत खात्यातून आठवड्याला २४,००० रुपयांहून अधिक काढता येत नव्हते. निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते. मंडप, रिक्षा आणि छपाई अशा सगळ्यांना त्याच खात्याचे धनादेश दिले, आणि रोख मिळत नसल्याचा पुढे हिशेबाच्या वेळी फायदाच झाला. चार उमेदवारांचे एकत्रित पॅनेल असल्यामुळे प्रत्येक बिलाचा चौथा हिस्सा माझ्या नावावर लिहायचा होता. माझा एकूण खर्च २,९४,००० रुपये झाला. रोजचा खर्च रोज कळवायचा आणि निकालानंतर तीस दिवसांत अंतिम हिशेब द्यायचा असतो; तो न दिल्यास निवडून आलेल्या माणसाचेही पद जाऊ शकते. मी रुग्णालयाचे हिशेब पाहणाऱ्या मुलाला महिनाभर याच कामाला बसवले होते.

प्रचारात खरा वेळ गेला तो चार मते कशी द्यायची हे समजावण्यात. एका मतदाराने चार जागांसाठी चार बटणे दाबायची. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची गुलाबी, क ची पिवळी, ड ची निळी. माझ्या जुन्या रुग्ण असलेल्या आजीबाई मला सांगत, ‘बाळंतपण तुम्ही केलं, मी चारी बटणं तुमचीच दाबते.’ तसे करता येत नाही हे त्यांना पटवताना मी पुठ्ठ्याचे यंत्र करून गल्लोगल्ली फिरले. निवडून आले, मताधिक्य फार नव्हते.

आता महापौरपदाकडे येते. हे पद अडीच वर्षांचे असते आणि त्याच्या आरक्षणाची सोडत नगरविकास विभाग मंत्रालयात काढतो. आम्ही अर्ज भरत होतो त्याच सुमारास, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, ती निघाली आणि आमच्या शहराचे पद महिलेसाठी राखीव झाले. निकालानंतर आमच्या पक्षात या पदाच्या दोन प्रबळ दावेदार होत्या, दोघीही माझ्याहून अनुभवी. दोन्ही गटांना एकमेकांचा उमेदवार चालत नव्हता आणि माझा कोणताच गट नव्हता. माझी निवड झाली ती एवढ्याच कारणाने. हे लिहिताना मला कमीपणा वाटत नाही, पण त्या वेळी ते कळायला मला आठ-दहा दिवस लागले. मधल्या काळात विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात आमच्या गटाची नोंदणी झाली, पक्षादेश म्हणजे व्हीप काय असतो ते समजले, आणि ‘सहल’ या शब्दाचा शाळेत शिकवत नाहीत तो अर्थही (सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना एकत्र बाहेरगावी नेऊन ठेवणे) समजला.

मार्चच्या मध्यात विशेष सभा झाली. महापौरपदाचा अर्ज आधीच नगरसचिवांकडे दिलेला असतो. सभेला पीठासीन अधिकारी म्हणून जिल्हाधिकारी आले. त्यांनी अर्ज वैध असल्याचे जाहीर केले, माघारीसाठी पंधरा मिनिटे दिली आणि कोणी माघार न घेतल्यामुळे हात वर करून मतदान घेतले. स्वतःलाच मत देण्यासाठी भर सभागृहात हात वर करून बसायचे आणि कर्मचारी रांगेतून मोजत येईपर्यंत तो खाली घ्यायचा नाही, हा प्रकार मला फार विचित्र वाटला. ४१ हात मोजले गेले. संध्याकाळी दालनात हारांचा ढीग होता आणि मी पतींना फोन करून खाट क्रमांक सातच्या बाईंचा रक्तदाब विचारत होते.

रुग्णालयाचे काय करायचे हा प्रश्न मी आधी सोडवायला हवा होता, तो नंतर सोडवला. महापौरपद पूर्ण वेळेचे आहे, पण वेतनाचे नाही. आमच्या वर्गाच्या महापालिकेत सदस्याचे मानधन तेव्हा महिना ७,५०० रुपये होते, ते २०१७ मध्येच १०,००० झाले. दोन तरुण सहकारी डॉक्टरांशी करार केला, शस्त्रक्रिया त्यांच्याकडे सोपवल्या आणि स्वतःसाठी मंगळवार-शुक्रवार सकाळी आठ ते दहा एवढाच बाह्यरुग्ण विभाग ठेवला. घरचे उत्पन्न पहिल्या वर्षी निम्म्यावर आले. ज्यांच्यावर कर्जाचे हप्ते आहेत त्यांनी हा आकडा आधी कागदावर मांडावा.

त्याहून नाजूक बाब हितसंबंधांची होती. शुश्रूषागृहाची नोंदणी महापालिकेचे आरोग्य अधिकारी करतात आणि दर तीन वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. सोनोग्राफी यंत्राची नोंदणी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली असते आणि तिथेही समुचित प्राधिकारी महापालिकेतच बसतो. म्हणजे ज्या अधिकाऱ्याने माझ्या रुग्णालयाची तपासणी करायची, तोच माझ्या दालनात समोर उभा. मी यंत्र वापरणाऱ्यांच्या यादीतून माझे नाव काढून घेतले. असा बदल नियम १३ प्रमाणे तीस दिवस आधी कळवावा लागतो, तो कळवला. नूतनीकरणाच्या फाईलवर माझी सही किंवा शेरा कुठेही येणार नाही आणि तपासणी दुसऱ्या अधिकाऱ्याकडून व्हावी, असे पत्र आयुक्तांना दिले. आवक क्रमांक अर्थातच घेतला. दोन वर्षांनी सभागृहात याच विषयावर प्रश्न आला, तेव्हा त्या पत्राने मला वाचवले.

पहिल्या सर्वसाधारण सभेत मी सपशेल चुकले. रुग्णाला विचारावे तसे मी प्रत्येक सदस्याला मध्येच तोडून ‘नेमके कधीपासून? किती दिवस?’ असे विचारू लागले. अर्ध्या तासात सदस्यांनी सभागृह डोक्यावर घेतले. नगरसचिवांनी चिठ्ठी पाठवली: ‘मॅडम, आपण ऐकायचे असते.’ या गृहस्थांनी मला पुढच्या तीन महिन्यांत जे शिकवले ते कोणत्याही शिबिरात शिकवले गेले नसते. विषयपत्रिका कशी लावायची, मागील सभेचे इतिवृत्त कायम करताना कोणता शब्द तपासायचा, उपसूचना मूळ प्रस्तावाचा गळा कशी घोटते, ‘दप्तरी दाखल’ म्हणजे सभ्य शब्दांत नकार, श्रद्धांजली वाहून सभा तहकूब करण्याची विनंती नेमक्या कोणत्या दिवशी येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे महापौर काय करू शकत नाही. अधिनियमाप्रमाणे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत. आर्थिक मंजुरी बहुतांशी सोळा सदस्यांच्या स्थायी समितीकडे आहे. महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो, मते समसमान झाली तर निर्णायक मत देतो, आणि सभागृहाने काहीतरी भलते ठरवले तर राज्य सरकार कलम ४५१ खाली तो ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकते. वीस वर्षे मी ‘सलाईन लावा’ म्हटले की सलाईन लागत होते. इथे मी म्हटल्यावर टिपणी तयार होत असे.

या फरकाचा खरा अर्थ मला मे २०१८ मध्ये समजला. एका शुक्रवारी माझ्या बाह्यरुग्ण विभागात सात महिन्यांची गर्भवती कावीळ घेऊन आली. मंगळवारी दुसरी आली, आठ महिन्यांची. पत्ते पाहिले तर दोघी शेजारच्या गल्ल्यांतल्या. दोघींची हेपटायटिस ई ची तपासणी सकारात्मक आली. हा दूषित पाण्यातून पसरणारा विषाणू आहे. इतरांना तो महिनाभर अंथरुणाला खिळवून सोडून देतो, पण गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत पाचांतील एकीपर्यंत जीव घेऊ शकतो. दुसऱ्या बाईंना वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले. त्या वाचल्या, बाळ वाचले नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी तीन दिवसांआड येते. नळ बंद असताना जलवाहिनीतला दाब उतरतो आणि तिला कुठे छिद्र असेल तर बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते. बुधवारी पहाटे साडेपाचला, पाणी सुटायच्या वेळी, मी आरोग्य निरीक्षकांना घेऊन त्या गल्लीच्या शेवटच्या नळावर उभी राहिले. ओटी चाचणी अगदी साधी असते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. नळीतले पाणी जसेच्या तसे राहिले. मी नोंदवही मागितली. तिच्यात गेल्या सव्वा महिन्यात रोज ‘०.२’ लिहिलेले होते, सगळे एकाच शाईत, एकाच तिरक्या हाताने. निरीक्षक बिचारे खाली मान घालून उभे होते. त्यांच्याकडे चार प्रभाग होते आणि फिरायला वाहन नव्हते, हे मला नंतर कळले.

माझ्या हातात तिथल्या तिथे कोणाला निलंबित करण्याचा किंवा रस्ता खोदण्याचा आदेश देण्याचा अधिकार नव्हता, आणि तो असता तर मी रागात वापरून बसले असते. सकाळी साडेआठला आयुक्तांना भेटले. दोन्ही अहवाल, ओटी चाचणीचे छायाचित्र आणि गल्लीचा हाताने काढलेला नकाशा असे चार कागद एका पानाच्या पत्रासोबत दिले. डॉक्टरांनी लांबलचक पत्र लिहू नये. अधिकाऱ्याला निर्णयाची टिपणी करता येईल एवढाच मजकूर असावा. आयुक्तांनी कलम ६७ मधील आणीबाणीच्या अधिकारात काम काढले, म्हणजे निविदेची वाट पाहायची नव्हती, नंतर स्थायी समितीला कळवायचे होते. दोन दिवस टँकर लागले. तिसऱ्या खड्ड्यात कारण सापडले. घराघरांत जाणाऱ्या लोखंडी जोडण्या थेट गटारातून गेल्या होत्या आणि गंजून त्यांची अक्षरशः चाळण झाली होती. अभियंत्याने एक तुकडा बोटांनी दाबला, तर तो पापडासारखा मोडला.

एवढे होऊनही पुढचे सहा आठवडे नवे रुग्ण येतच राहिले. या विषाणूची लागण झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे गळती बुजवल्यानंतर दिसणारे रुग्ण आधीच्या पाण्याचे असतात. मला हे माहीत होते. सभागृहाला ते कसे सांगायचे हे माहीत नव्हते. जूनच्या सभेत विरोधी सदस्यांनी गढूळ पाण्याच्या बाटल्या माझ्या टेबलावर मांडल्या आणि व्यासपीठासमोर माठ फोडला. ‘डॉक्टर महापौर असून शहरात कावीळ!’ ही घोषणा मला फार लागली, कारण ती खोटी नव्हती. अध्यक्षस्थानावरून वाद घालता येत नाही. मी आरोग्य अधिकाऱ्यांना खुलासा करण्याचे निर्देश दिले, आठवड्याप्रमाणे रुग्णसंख्येचा आलेख फलकावर लावायला सांगितला आणि पुढच्या सभेपर्यंत आलेख खाली आला नाही तर पुन्हा हीच चर्चा पहिल्या क्रमांकावर घेईन असे रुलिंग दिले. जुलैत तो खाली आला. ज्या सदस्याने माठ फोडला होता, त्यानेच नंतर आपल्या प्रभागातील जुन्या जोडण्यांची यादी मला आणून दिली. घोषणा देणारा माणूस बहुधा प्रश्न जाणणारा असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. निरीक्षकांना दुचाकीचा भत्ता मिळावा हा प्रस्ताव मंजूर व्हायला मात्र अकरा महिने लागले. जनरेटर त्याआधी, म्हणजे पद मिळाल्यापासून चौदाव्या महिन्यात, सुरू झाला होता.

त्यानंतरच्या दीड वर्षात लिहिण्यासारखे बरेच घडले, तरी त्यातील थोडेच दुसऱ्याच्या उपयोगाचे आहे. २७ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सर्व मुलांसाठी. मोबाईलवर अफवा फिरत होत्या आणि काही शाळांत निम्म्या पालकांनी संमती दिली नव्हती. मी भाषणे टाळली आणि पहिले आठ दिवस रोज एका शाळेत लसीच्या टेबलाशेजारी सकाळभर खुर्ची टाकून बसले. पालक महापौरांशी वाद घालायला येत आणि डॉक्टरांशी बोलून जात. या पदाचा आणि माझ्या पेशाचा इतका थेट मेळ अडीच वर्षांत दुसऱ्यांदा बसला नाही.

१० मार्च २०१९ रोजी लोकसभेची आचारसंहिता लागली आणि त्याच दिवशी शासकीय गाडी जमा करावी लागली. पद घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की वर्षातले काही महिने आचारसंहितेतच जातात आणि त्या काळात नवे काम मंजूर होत नाही. जे करायचे ते ऑक्टोबर ते फेब्रुवारीत उरकावे. मी रिक्षाने महापालिकेत जाऊ लागले. पहिल्या दिवशी फाटकावरच्या नव्या सुरक्षारक्षकाने मला अभ्यागतांच्या वहीत सही करायला लावली, आणि मी निमूटपणे केली.

मुदत सप्टेंबरमध्ये संपायची होती. ऑगस्टमध्ये मी दालनातील माझी पुस्तके खोक्यांत भरली होती, तेवढ्यात विधानसभा निवडणुकीमुळे राज्यातल्या महापौरांना तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली. खोकी तशीच ठेवली. नोव्हेंबरमध्ये नव्या महापौरांची निवड झाली, तेव्हा मी पुन्हा हात वर केला, या वेळी दुसऱ्यासाठी. नगरसेविका म्हणून माझी मुदत २०२२ पर्यंत होती, त्यामुळे त्यानंतर मी समोरच्या बाकावर बसू लागले. नव्या महापौरांना पहिल्याच सभेत मी दोनदा मध्ये तोडले आणि त्यांनी मला शांतपणे खाली बसवले.

दवाखान्यात परतणेही वाटले होते तितके सोपे गेले नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते आणि त्यासाठी तीस श्रेयांक लागतात. माझे नूतनीकरण या वर्षी आहे आणि गेल्या अडीच वर्षांत मी एकाही परिषदेला श्रोता म्हणून बसले नव्हते. उद्घाटनाचे दीपप्रज्वलन करून निघून येणाऱ्याला श्रेयांक मिळत नाहीत. अकरा कमी पडत होते, ते डिसेंबरच्या तीन रविवारी भरून काढले. शस्त्रक्रियेचा हात मात्र रविवारी भरून येत नाही. मी सहकारी डॉक्टरांना सांगितले, की पहिल्या दहा सिझेरियनना मी साहाय्यक म्हणून उभी राहीन. त्यांतली शस्त्रक्रिया करणारी मुलगी माझ्याहून सतरा वर्षांनी लहान आहे आणि सुरुवातीला तिला फार अवघड झाले. चौथ्या शस्त्रक्रियेत मी टाक्याची गाठ जरा सैल बांधली, तेव्हा तिने ‘मॅडम, परत घेऊ या’ एवढेच म्हटले आणि माझे पती पडद्याआडून मॉनिटरकडे पाहत राहिले. काल नववी झाली. दहावी सोमवारी सकाळी आहे.